रिमेकमधून गाळले कोण जाते?

ब्रूस लीपासून अ‍ॅनिमेपर्यंत : वस्तीतून पाहिलेला एक इतिहास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटकोपर पूर्वेला, माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या एका अभ्यासिकेत आम्ही काही कार्यकर्ते बसलो होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून झाले होते, पण पाऊस थांबत नसल्यामुळे घरी कुणी जात नव्हते. बारावीतला एक मुलगा आणि मुलुंडहून येणारी कॉलेजातली एक मुलगी यांच्यात वाद पेटला. मुलाचे म्हणणे, "मूळ अ‍ॅनिमे ते मूळ. हॉलिवूडवाल्यांनी हात लावला की वाट लागलीच समज." मुलगी म्हणाली, "मग 'वन पीस'चं काय? ते तर चांगलं केलंय ना?" मग 'ड्रॅगन बॉल' आला, 'डेथ नोट' आला, तिथून गाडी कोरियन 'ओल्डबॉय'वर गेली. अर्धा तास झाला. अभ्यासिकेला कुलूप लावायला आलेले काका शेवटी वैतागले. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुम्ही जपानी कार्टूनवरून भांडता?"

सगळे गप्प झाले. आम्हीही गप्प झालो, कारण बाबासाहेबांचे नाव घेतल्यावर उलट काय बोलणार?

पण पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच काकांना गाठले आणि विचारले, "काका, तुमच्या तरुणपणी तुम्ही काय बघायचात?" काका आधी हसले. मग म्हणाले, "आमच्या खोलीत तीन फोटो होते. बुद्ध, बाबासाहेब आणि ब्रूस ली."

हा लेख त्या तिसऱ्या फोटोविषयी आहे. आपल्या पोरांना आशियाई मारधाडीचे सिनेमे आणि अ‍ॅनिमे का आवडतात, हा प्रश्न आपल्या चळवळीत कुणी गंभीरपणे विचारत नाही. एक तर 'वाया गेली पिढी' म्हणून आपण मोकळे होतो, नाही तर 'मनोरंजन आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतो. आमचे म्हणणे असे की या आवडीला एक इतिहास आहे आणि तो आपल्या इतिहासापासून फार लांबचा नाही. आणि मूळ की रिमेक या पोरांच्या भांडणात जातीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. फक्त तो योग्य शब्दांत विचारला पाहिजे.

पाटी फोडणारा माणूस

काकांनी सांगितलेली हकिकत मुंबईच्या उपनगरांतल्या कुठल्याही जुन्या वस्तीत ऐकायला मिळेल. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने मिळायचा. घरटी एक-दोन रुपये वर्गणी काढायची, मोकळ्या जागेत टीव्ही मांडायचा आणि रात्रभर तीन-चार सिनेमे बघायचे. त्यात एक तरी 'कराटे पिक्चर' लागायचाच. सिनेमा हाँगकाँगचा, विद्या कुंग-फूची, पण वस्तीत सगळ्याला नाव एकच, कराटे. संवाद कुणालाच कळायचे नाहीत. कळायची गरजही नव्हती.

काकांना त्यातला एक प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मधला. परकीयांच्या ताब्यातले शांघाय. चेन झेन नावाचा तरुण एका बागेच्या दाराशी येतो. दारावर पाटी आहे : कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही. पहारेकरी त्याला अडवतो आणि पाटी दाखवतो. बाजूचे काही जपानी त्याची टर उडवतात. मग ब्रूस ली त्या जपान्यांना लोळवतो, आणि पाटी हवेत उडवून लाथेने तिचे तुकडे करतो.

"पाटीवर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं," काका म्हणाले, "पण कळलं सगळ्यांना. म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली."

का नाही कळणार? ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, त्या तळ्यावर माणसाला बंदी होती, ही गोष्ट त्या म्हाताऱ्यांच्या आईबापांनी भोगलेली होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी अशीच एक न दिसणारी पाटी फोडली होती. शांघायच्या त्या बागेचा खरा इतिहास इतिहासकारांनी तपासला आहे. सिनेमातल्यासारखी एकच पाटी तिथे होती का, यावर वाद आहे. कुत्र्यांविषयीचा आणि चिनी लोकांविषयीचा नियम वेगवेगळ्या कलमांत होता. पण चिनी माणसाला त्याच्याच शहरातल्या बागेत बंदी होती, हे मात्र खरे. ती बंदी उठली १९२८ मध्ये, महाडनंतर वर्षभराने.

त्या प्रसंगातली आणखी एक गोष्ट आम्ही पुन्हा पाहताना टिपली. दारावरचा तो पहारेकरी फेटेवाला भारतीय आहे. इंग्रजांच्या नोकरीतले शीख शिपाई त्या काळी शांघायमध्ये खरोखर होते. म्हणजे मालक तिसराच, आणि एका गुलामाला दुसऱ्या गुलामाच्या दारावर उभे केलेले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे चित्र याहून सोपे करून कसे दाखवणार?

१९७२ हे वर्षही लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'फिस्ट ऑफ फ्युरी' त्या वर्षी हाँगकाँगमध्ये लागला आणि त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. पँथरने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाकडून. तो पक्ष १९६६ मध्ये ओकलँड शहरात स्थापन झाला. त्याच ओकलँडमध्ये १९६४ मध्ये ब्रूस लीची कुंग-फूची शाळा सुरू झाली होती. त्याआधी सिअ‍ॅटल शहरात त्याने पहिला विद्यार्थी घेतला तो जेसी ग्लोव्हर, एक काळा माणूस. चिनी विद्या बाहेरच्यांना शिकवू नये असे मानणारे लोक तेव्हा चिनी समाजात होते. ब्रूस लीने ते मानले नाही. या गोष्टींचा एकमेकींशी थेट धागा जोडता येईल असा आमचा दावा नाही. पण ज्या काळात जगभरचे दाबलेले लोक मान वर करत होते, त्याच काळातला हा नायक आहे. विजय प्रशाद यांनी आशियाई आणि आफ्रिकी समाजांच्या नात्यावर २००१ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच कुंग-फू आहे, ते उगाच नाही.

बंद खोल्या आणि छत्तिसावी खोली

ब्रूस ली २० जुलै १९७३ ला वारला, अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याच्यानंतर हाँगकाँगहून जे सिनेमे आले त्यांत आमच्या मते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने बघावा असा एक आहे, १९७८ चा 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. मांचू राजवटीच्या जुलुमात घरदार गमावलेला एक विद्यार्थी शाओलिनच्या बौद्ध मठात पोहोचतो. तिथे युद्धविद्येच्या पस्तीस खोल्या आहेत. वर्षानुवर्षे राबून तो सगळ्या पार करतो. आता कुठलीही खोली तुझी, निवड, असे त्याला सांगितले जाते. तो म्हणतो, मला छत्तिसावी खोली हवी, मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवणारी. वरिष्ठ भिक्खू नकार देतात आणि त्याला मठाबाहेर काढतात. बाहेर पडून तो गावातल्या गरीब, कामकरी पोरांनाच शिकवायला लागतो. सिनेमा संपतो तेव्हा छत्तिसावी खोली उघडलेली असते.

विद्या कोंडून ठेवणारी भिंत आणि ती विद्या भिंतीबाहेर नेणारा माणूस ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला हवी का? १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी विचारले आहे की इतका अन्याय होऊनही या देशातल्या खालच्या वर्गांनी बंड का केले नाही? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने त्यांच्या हातात शस्त्रही ठेवले नाही आणि विद्याही. पस्तीस खोल्या होत्या, पण दार आतून बंद होते. सावित्रीबाई आणि जोतीराव यांची १८४८ ची पुण्यातली शाळा ही आपली छत्तिसावी खोली.

नव्वदीनंतर पडदा बदलला. व्हिडिओ गेला, केबल आली. आम्ही जी पिढी आज तिशीत आहोत, ती शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघत मोठी झाली. त्याआधी दूरदर्शनवर मोगली आला होता. तोही जपानी अ‍ॅनिमे होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. आज पोरांच्या हातात मोबाइल आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या मॉलमध्ये जपानी अ‍ॅनिमे मोठ्या पडद्यावर लागतात. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' भारतात लागला तो चाहत्यांनी हजारो सह्यांची मोहीम चालवल्यामुळे. मागणी खालून आली आणि वितरकांना ऐकावे लागले.

एक तारीख आम्हाला राहून राहून आठवते. 'वन पीस' ही चित्रकथा जपानी साप्ताहिकात सुरू झाली जुलै १९९७ मध्ये. त्याच जुलैच्या ११ तारखेला रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधाला रस्त्यावर उतरलेल्या आपल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण शहीद झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज या नगरात वाढणारे पोर शहीद स्मारकासमोरून शाळेत जाते आणि रात्री 'वन पीस' बघते. त्या कथेत 'दैवी' रक्ताचा दावा करणारे सरदार आहेत. ते गुलामांच्या अंगावर डाग देतात. फिशर टायगर नावाचा एक जण गुलामांना सोडवतो आणि त्या डागावर सूर्याचे चिन्ह गोंदवतो. ते चिन्ह तो साथीदारांपैकी सगळ्यांच्याच अंगावर गोंदवतो, म्हणजे पूर्वी गुलाम कोण होता हे ओळखू येऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले हे ज्याला घरातूनच ठाऊक आहे, त्या पोराला हे दृश्य पाहून काय वाटत असेल?

चेहरा बदलला, मालक बदलला

आता मूळ आणि रिमेक. हॉलिवूडविषयी पोरांची जी तक्रार आहे ती खरी आहे, आणि जुनीही आहे. १९७२ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'कुंग फू' मालिका आली. शाओलिनच्या भिक्खूची मुख्य भूमिका मिळाली डेव्हिड कॅराडीन या गोऱ्या नटाला. ब्रूस लीच्या नावाचा विचार झाला होता, पण त्याला घेतले नाही. २००९ चा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' इतका फसला की त्याच्या पटकथाकाराने पुढे चाहत्यांची जाहीर माफी मागितली. २०१७ च्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये जपानी नायिकेच्या जागी स्कार्लेट जोहान्सन आली. हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'वरून केलेल्या 'द डिपार्टेड'ला २००७ मध्ये ऑस्कर मिळाला, आणि त्या सोहळ्यात मूळ सिनेमा जपानी असल्याचे सांगितले गेले! ज्याची गोष्ट घेतली त्याचा देशसुद्धा नीट माहीत नाही.

इथपर्यंत बहुतेक चाहते आमच्याशी सहमत होतील. पण आम्हाला त्यांना एक पाऊल पुढे न्यायचे आहे. गोऱ्यांनी चेहरा बदलला हे आपल्याला लगेच दिसते. आपल्याकडच्या सवर्णांनी काय बदलले, ते दिसते का?

अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' १९५४ चा. गोष्ट सोळाव्या शतकातली. दरोडेखोर दरवर्षी गावाचे पीक लुटतात. गावकरी ठरवतात की आपण सामुराई भाड्याने आणू. पैसे नाहीत, म्हणून ते त्यांना पोटभर भात देतात आणि स्वतः भरडधान्य खातात. म्हणजे निर्णय शेतकऱ्यांचा, खर्च शेतकऱ्यांचा, आणि लढतातही शेतकरीच, बांबूचे भाले घेऊन. सात जणांतला एक किकुचियो. तो सामुराई नाहीच. तो शेतकऱ्याचा पोर, चोरलेली वंशावळ खिशात घालून फिरणारा. गावकऱ्यांनी मेलेल्या सामुराईंची चिलखते लपवून ठेवली आहेत हे उघडकीस येते तेव्हा बाकीचे सामुराई संतापतात. त्या वेळी किकुचियो जे बोलतो तो या सिनेमाचा प्राण आहे. तो सांगतो की हो, शेतकरी लबाड आहे, कंजूस आहे, खोटारडा आहे, पण त्याला असा केला कुणी? तुम्ही. तुम्ही गावे जाळली, धान्य ओढून नेले, बाया नासवल्या. सामुराई खाली मान घालतात. कुरोसावा स्वतः सामुराई वंशातला होता. आपल्याच पूर्वजांवरचा हा आरोप त्याने सिनेमाच्या मधोमध ठेवला. शेवटी उरलेल्या सामुराईंचा म्होरक्या म्हणतो की जिंकलो आपण नाही, ते शेतकरी जिंकले.

१९६० मध्ये अमेरिकेने याचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. सामुराई गेले, बंदूकवाले आले, आणि गाव मेक्सिकोचे झाले. पण गावकरीच माणसे आणायला जातात, शेतकऱ्याचा पोर असल्याचे लपवणारा तरुण तिथेही आहे, आणि विजय शेतकऱ्यांचा हे वाक्यही तिथे टिकले आहे.

मग १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला. त्यावर या दोन्ही सिनेमांचा प्रभाव आहे हे सर्वमान्य आहे. आता रामगढमध्ये माणसे भाड्याने कोण आणतो? ठाकूर. पैसे कुणाचे? ठाकूरचे. सूड कुणाचा? ठाकूरचा. गावकरी काय करतात? घाबरतात, रडतात आणि जय-वीरूला गब्बरच्या हवाली करा म्हणतात. जमीन कुणाची, शेतात राबतो कोण, गावाबाहेर कोणाची वस्ती आहे, हे तीन तासांत कुणी विचारत नाही. ठाकूरचे दोन्ही हात तुटलेले आहेत, पण त्याचे काही अडत नाही, कारण रामलाल आहे. शाल पांघरायला रामलाल. त्या रामलालचे हात सिनेमाभर राबतात आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. किकुचियो तर गायबच झाला. ठाकूरच्या अंगणात उभे राहून 'तुम्हीच आम्हाला असे केले' म्हणणारा माणूस 'शोले'त असूच शकत नव्हता.

'शोले' वाईट सिनेमा आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचेही त्यातले संवाद पाठ आहेत. पण हॉलिवूडने चेहरा बदलला आणि बॉलिवूडने गोष्टीचा मालकच बदलला, हा फरक आपण नोंदवला पाहिजे. हेच पुढे आपल्या डोळ्यांदेखत झाले. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'चा (२०१६) 'धडक' (२०१८) झाला. पारधी समाजाच्या परश्याच्या जागी हॉटेलवाल्याचा मुलगा आला, आणि ज्या जातीमुळे ती दोघे मारली गेली ती जातच पातळ करून टाकली.

शेवटचा सामुराई कुणासाठी रडतो?

आपल्या पोरांच्या दुचाकीवर आज सामुराईचे स्टिकर दिसते. कटाना तलवार, लाल सूर्य. त्यांना आम्हाला मोठ्या भावाच्या नात्याने एक विचारायचे आहे : बाळा, सामुराई म्हणजे कोण, ठाऊक आहे का?

सतराव्या शतकापासून तोकुगावा राजवटीत जपानी समाज चार दर्जांत बांधला होता. वर सामुराई, मग शेतकरी, कारागीर आणि व्यापारी. या चारांच्याही बाहेर होते 'एता' आणि 'हिनिन'. 'एता'चा अर्थ पुष्कळ विटाळ, आणि 'हिनिन' म्हणजे माणूस नसलेला. त्यांचे काम काय? मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, फाशी दिलेल्यांची विल्हेवाट लावणे. वस्ती गावाबाहेर. लग्न आपसातच. वाचताना अंगावर काटा येतो, कारण हे आपल्या आजोबांचे वर्णन आहे, फक्त जपानी भाषेत. तलवारीचा हक्क सामुराईचा. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे जप्त करून घेतली होती. बाबासाहेबांचा शस्त्रबंदीचा मुद्दा जपानलाही तंतोतंत लागू पडतो.

आता २००३ चा हॉलिवूडचा 'द लास्ट सामुराई' आठवा. टॉम क्रूझ, चेरीची फुले, घोड्यावरून मरणाला सामोरे जाणारे शूर सामुराई. आमच्या ओळखीतल्या कितीतरी पोरांच्या डोळ्यांत तो बघताना पाणी आले आहे. सिनेमाचा काळ १८७६-७७ चा. खऱ्या इतिहासात तेव्हा काय चालले होते? १८७१ मध्ये मेइजी सरकारने 'एता' आणि 'हिनिन' हे दर्जे कायद्याने रद्द केले. १८७६ मध्ये सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद झाले आणि जाहीरपणे तलवार बाळगण्याचा त्यांचा मान गेला. १८७७ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी बंड केले आणि ते चिरडले गेले ते सक्तीच्या भरतीतून आलेल्या, शेतकऱ्यांच्या पोरांच्या फौजेकडून. सिनेमा रडतो तो विशेषाधिकार गेलेल्यांसाठी. कालपर्यंत 'माणूस नसलेला' म्हणून जगलेला माणूस सिनेमाच्या चौकटीत कुठेही नाही.

आपल्याला हे रडणे ओळखीचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावच्या लढाईत पेशव्यांची फौज मागे हटली. पेशवाई बुडाली म्हणून अजून उसासे टाकणारे लोक आपल्या आसपास आहेत. आपण मात्र दरवर्षी जयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. तारीख एक, लढाई एक, पण उभे राहण्याची जागा वेगळी. मग जपानच्या इतिहासात शिरताना ती जागा आपण का विसरतो?

१८७१ च्या कायद्याने तिथे सगळे सुटले असेही नाही. कायदा झाल्यावर काही भागांत गावकऱ्यांनीच या वस्त्यांवर हल्ले केले, घरे जाळली, माणसे मारली. समतेचा कायदा आला की दंगल का होते, हे मराठवाड्याच्या नामांतराने आपल्याला शिकवले आहेच. ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये या समाजाने 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. काळ्या झेंड्यावर रक्ताच्या रंगाचा काट्यांचा मुकुट. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. २००१ मध्ये दर्बानच्या जागतिक परिषदेत दलित आणि बुराकू कार्यकर्ते एकाच मागणीसाठी उभे राहिले. ही आपल्या नात्यातली माणसे आहेत.

जे निंजा गेले, त्यांची जात मागेच राहिली

या नात्यातली गोष्ट जपानी चित्रकथेत आलेली आहे. सानपेई शिराटो या चित्रकाराने १९६४ ते १९७१ या काळात 'कामुई देन' ही प्रचंड चित्रकथा 'गारो' मासिकात लिहिली. नायक कामुई जन्माने हिनिन. अपमानातून सुटायला तो निंजा होतो. त्याच्या सोबतीला आहेत जमिनीसाठी आणि धान्यासाठी झगडणारे शेतकरी. जपानच्या विद्यार्थी चळवळीतली पोरे ती झपाटून वाचत होती. कामुईवर १९६९ मध्ये अ‍ॅनिमे मालिका झाली, २००९ मध्ये सिनेमा. पण १९८७ मध्ये कामुई इंग्रजीत अमेरिकेला गेला तेव्हा नेली गेली ती त्याच्या निंजा-जीवनाची नंतरची साहसमालिका. बहिष्कृतांच्या लढ्याची मूळ महागाथा इंग्रजीत यायला आणखी तीन दशकांहून जास्त काळ लागला. निंजा विकला गेला आणि त्याची जात मागेच राहिली.

दुसरे नाव ओसामू तेझुकांचे. अ‍ॅनिमेचे जनक म्हणून चाहते त्यांना मानतात. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी 'बुद्ध' ही चित्रकथा काढली आणि २०११ मध्ये त्यावर अ‍ॅनिमे सिनेमा आला. तिची सुरुवात सिद्धार्थापासून होत नाही. सुरुवातीला आहेत तत्ता हा अस्पृश्य पोर आणि चाप्रा हा गुलाम शूद्र मुलगा. चाप्रा जात लपवून योद्धा होतो, आणि ती उघड झाल्यावर आईसकट मारला जातो. जपानमध्ये बसून एका चित्रकाराला कळले की बुद्ध सांगायचा तर आधी जात सांगावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी बुद्धचरित्रांना हे अजून कळलेले नाही. तेझुकांच्या तपशिलांवर आक्षेप घेता येतील, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्याने ते घ्यावेतही. पण आपल्या घरात ही चित्रकथा असायला हवी.

इथे आपल्यालाही एक कटू गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. जपान म्हटले की आपल्याला भदन्त सुरई ससाई आठवतात, मन आदराने भरते. पण त्याच जपानमध्ये बौद्ध विहारांनी बहिष्कृतांच्या मृतांना अपमानकारक धम्मनावे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुराकू चळवळीने जाब विचारला, तेव्हा काही पंथांना माफी मागावी लागली. म्हणजे नुसते बौद्ध म्हणवून घेऊन जात जात नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे यावरून पुन्हा समजते.

मग पोरांनी काय बघावे?

सगळे बघावे. पण बघताना तीन प्रश्न विचारावेत. या गोष्टीत शस्त्र आणि विद्या कुणाच्या हातात आहे? निर्णय कोण घेतो? आणि मूळ गोष्टीत असलेला कोणता माणूस रिमेकमध्ये नाही? मूळ चांगले की रिमेक चांगला, हा वाद या तिसऱ्या प्रश्नापाशी सुटतो. मुलुंडच्या त्या मुलीचे 'वन पीस'बद्दलचे म्हणणे आम्हाला आता पटते. २०२३ च्या रिमेकमध्ये मूळ लेखक एइचिरो ओदा सोबत होते आणि मासे-माणसांवरच्या अन्यायाचा धागा कापला गेला नाही. रिमेक पाश्चिमात्यांनी केला म्हणून वाईट आणि आशियाई म्हणून चांगला, असे सरळ गणित नाही. ज्याची गोष्ट आहे त्याला खोलीत बसवले की बाहेर काढले, यावर सगळे ठरते.

त्या काकांना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "ती छत्तिसाव्या खोलीची फिल्म कुठं मिळेल?" आता ठरले आहे की महिन्यातून एका रविवारी, अभ्यासाचे तास संपल्यावर, अभ्यासिकेत एक सिनेमा दाखवायचा आणि त्यावर तासभर बोलायचे. पहिला तोच. दुसरा 'सेव्हन सामुराई', आणि त्याच्या पुढच्या रविवारी 'शोले'. अंधेरी, बोरिवली, भांडुप, विक्रोळी, जिथे जिथे आपली विहारे आणि अभ्यासिका आहेत तिथे हे करता येईल. खर्च जवळपास शून्य. आणि यातूनच उद्या एखादी पोरगी म्हणेल की दुसऱ्याचे किती दिवस बघायचे, आपली गोष्ट आपणच काढू. कामुईसारखा नायक आपल्या इतिहासात शोधायला लांब जावे लागणार नाही.

काका अट घालून मोकळे झाले आहेत, "आधी अठरा तासांचा अभ्यास, मग पिक्चर." आम्ही मान्य केले आहे. अठरा जरा जास्त होतात, त्यावर बोलणी चालू आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!